मजले मोजू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आर्किटेक्चरला नंबर लागला, तोही मुंबईत. टॉवर बघून मान दुखेल, दुखू दे. फक्त मजले मोजत बसू नकोस. दुपारी चारचं ऊन त्या इमारतीत कुठवर शिरतं ते बघ.

आधी कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत बघ. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, 28 मजली, 1983 साली पुरी झालेली. मुंबईत वारा येतो पश्चिमेकडून, समुद्रावरून. पण उतरतं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. खिडकी उघडावी तर ताप, लावावी तर घाम. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा तो त्याचसाठी. कोरियांनी तोच उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत बसवला, दोन मजले उंच. आपली छपरीच ती, आभाळात नेऊन टांगलेली. आजीच्या घरची छपरी किती फूट खोल आहे, ते जायच्या आधी टेपने मोजून घे.

मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती 2018 साली जागतिक वारशात गेल्या. लोक गोलाईचे फोटो काढतात. तू खिडक्यांवरून सलग फिरलेला छज्जा बघ. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आलं म्हणून तो खांबाविना एवढा पुढे काढता आला.

गिरणगावात मात्र छज्जे बघून भागणार नाही. खामगावच्या बाजारातला आपला कापूस रेल्वेने मुंबईलाच जायचा. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बसल्या. 1991चा नियम असा, की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती आली: वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जागेची. आता गिरणीच्या आवारात रिकामी जागा असून असून किती असणार? 2006 साली सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळचे टॉवर आर्किटेक्टच्या पेन्सिलीपेक्षा त्या एका ओळीने जास्त उभे केले, असं माझं मत आहे. पटलं नाही तर भांड, पण नियमावली वाचून भांड.

आणखी एक काम. तुझ्या मामाने तालुक्याच्या घराला समोरून पूर्ण काच लावायची ठरवलीय, आणि घराचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो तिथे! कंत्राटदाराला विसार दिला म्हणतो. माझं तो ऐकत नाही. गाडीत बसायच्या आधी तू एकदा बोलून बघ.

तुझे सर