पाच वर्षांच्या शिकारीची आगाऊ नोंदणी आणि त्यासाठी काढायचे कर्ज

मिनियापोलिसजवळ राहणारे, ४४ वर्षांचे, ग्रीन कार्ड असलेले एक वाचक लिहितात की गेल्या ऑक्टोबरमध्ये सहकाऱ्यांबरोबर ते साउथ डकोटात फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला गेले आणि त्या तीन दिवसांनी त्यांना वेड लावले. एरवी वर्षाला ३,८०० डॉलर पडणारी ही सहल पुढच्या पाच वर्षांसाठी आताच नोंदवली, तर लॉजचा मालक एकरकमी १५,००० डॉलर घेईल आणि एरवी २,००० डॉलर पडणारी, त्याच राज्याच्या ब्लॅक हिल्स डोंगरांतली रानटर्की या पक्ष्याची एक शिकार त्यातच देईल. हे पैसे विमा पॉलिसीवर कर्ज काढून भरायचे आहेत, कारण पॉलिसी विकणाऱ्या परिचितांनी ‘पैसे तुमचेच, वर कर नाही’ असे सांगितले आहे. प्रश्न एवढाच की सहा हजारांची ही सवलत घ्यावी का.

आपली ओढ मला समजते. मक्याच्या आणि उंच गवताच्या पट्ट्यातून सगळ्यांनी एका रांगेत चालत जायचे, पुढे कुत्र्यांनी वास काढायचा, आणि पायाजवळून नर फेझंट ओरडत उडाला की विचार करायला क्षणभरच मिळतो. मूळचा चीनकडचा हा पक्षी साउथ डकोटात १९०८ च्या सुमारास रेडफील्डजवळ रुजला, १९१९ मध्ये त्याच परिसरात पहिला हंगाम झाला, आणि आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. टर्कीची शिकार याच्या नेमकी उलट असते. त्यात पहाटेच्या अंधारात झाडाला टेकून निश्चल बसावे लागते आणि मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलवावे लागते. नवख्या माणसाला हे जमत नाही, म्हणून टर्कीसाठी गाइडला दिलेले पैसे मला फेझंटपेक्षा अधिक सार्थ वाटतात.

सवलतीचा हिशेब मात्र लंगडा आहे. सहा हजार वाचतात ते पाचही वर्षे गेलात तरच. तीनच वर्षे जमले, तर दरवर्षी वेगळे पैसे देऊन टर्कीसह १३,४०० डॉलर लागले असते, म्हणजे योजनेपेक्षा कमीच. परवाना, काडतुसे, बंदुकीचे भाडे आणि गाइडची बक्षिशी हा दरवर्षीचा सात-आठशेंचा खर्च कोणत्याच आकड्यात धरलेला नाही. शिवाय लॉज म्हणजे बँक नव्हे. तो व्यवसाय दुष्काळ, कडक हिवाळा आणि शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या जमिनी यांवर चालतो, आणि तो बंद पडला तर आगाऊ भरलेले पैसे ग्राहकांना पूर्ण परत मिळतीलच असे नाही. ‘पक्ष्यांची हमी’ असे पत्रकात लिहिले असेल, तर तिथे बहुधा पाळलेले पक्षी सोडले जातात, आणि असे पक्षी पुढच्या वर्षीही मिळतील. त्यासाठी आज जागा अडवून ठेवण्याचे कारण नाही. साहेबांबरोबर शिकारीला गेल्याने बढतीची वाट सोपी होईल, ही आपण ओझरती लिहिलेली आशा मी हिशेबात शून्य धरली आहे. सारांश, दरवर्षी त्या वर्षापुरती नोंदणी करावी.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण १५,००० डॉलरपेक्षा मोठी चूक तिथे आहे. आपली पॉलिसी ‘इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ’ प्रकारची, म्हणजे आयुर्विम्याला शेअर निर्देशांकाशी बांधलेली बचत जोडलेली आहे. आपण चार वर्षे महिना १,००० डॉलर, म्हणजे एकूण ४८,००० डॉलर भरले आहेत. आपण पाठवलेल्या विवरणात खात्यातील रक्कम ३३,००० आहे आणि सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर सोडल्यास कंपनी कापून घेते ती रक्कम, वजा जाता हाती येणारी रक्कम १७,००० आहे. या १७,००० वर १५,००० चे कर्ज काढले, तर त्यावर व्याज चढत राहील, दरमहा विम्याचा खर्चही कापला जाईल, आणि शेअर बाजाराची एक-दोन वर्षे वाईट गेली तर पॉलिसी बंद पडू शकेल. म्हणजे शिकार तर होईल, पण विमा जाईल. विकताना दाखवलेल्या तक्त्यात दरवर्षी ७ टक्के परतावा धरला होता. त्या तक्त्यात बाजाराचा परतावा एका मर्यादेपलीकडे आपल्याला मिळत नाही आणि निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांशही हिशेबात येत नाही, या गोष्टी बारीक अक्षरांत असतात. ‘कर नाही’ हे वाक्यही अर्धेच खरे आहे, कारण कर्जावर कर लागत नाही तो ते कर्ज आहे म्हणून, आणि कर्ज म्हटले की व्याज आलेच.

याहून वाईट म्हणजे हा हप्ता परवडावा म्हणून त्याच परिचितांनी आपल्याला ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यामधील पगाराचा वाटा ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायला लावला. आपला पगार वर्षाला १,६०,००० डॉलर आहे आणि कंपनी पहिल्या ६ टक्क्यांवर निम्मी भर घालते. पूर्ण वाटा भरला असता तर कंपनीकडून वर्षाला ४,८०० मिळाले असते, आज १,६०० मिळतात. म्हणजे दरवर्षी ३,२०० आणि चार वर्षांत सुमारे १३,००० डॉलर आपण कंपनीकडे सोडून दिले. जवळपास एका सहलीएवढे पैसे दरवर्षी हातातून गेले आणि त्या बदल्यात मिळाली ती ही पॉलिसी. हा सल्ला देणाऱ्याला कमिशन मिळाले, एवढेच त्याचे स्पष्टीकरण मला सुचते.

पत्नी नोकरी करत नाहीत आणि मुले लहान आहेत, म्हणून विमा हवाच. पण तो साधा टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीचा आणि बचत न जोडलेला हवा. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाला या वयात वीस वर्षांसाठी दहा लाख डॉलरचे संरक्षण महिना साधारण शंभर डॉलरमध्ये मिळते. आधी ती पॉलिसी हाती येऊ द्यावी, मगच जुनी बंद करावी. मध्ये एक दिवसही विम्याविना राहू नये. ४०१-के पुन्हा ६ टक्क्यांवर न्यावा, त्याला महिना सुमारे ५३० लागतील. हजारातून हे दोन्ही वजा केले तर ३७० उरतात, म्हणजे वर्षाला ४,४०० डॉलर. शिवाय ४०१-के मुळे आयकरातही काही बचत होईल. ३,८०० ची सहल आणि वरखर्च यांतून कर्जाविना निघतात. दोन वर्षांनी हौस टिकली, तर कुत्रा पाळणाऱ्या एखाद्या मित्राबरोबर राज्याने शिकारीसाठी खुल्या केलेल्या शेतांत गाइडशिवायही जाता येईल, आणि खर्च बराच खाली येईल.

पॉलिसी सोडताना ३१,००० डॉलर बुडाले असे वाटेल. त्यातला काही भाग चार वर्षांच्या संरक्षणाचा खर्च होता, आणि उरलेली रक्कम पुढचे हप्ते भरल्याने परत येणार नाही. त्याआधी विमा कंपनीकडून ४ टक्के परताव्याचा सुधारित तक्ता लेखी मागवून पाहावा, म्हणजे मनातली शंका फिटेल. आपले परिचित या बातमीनंतर नक्की भेटायला येतील आणि हीच रक्कम दुसऱ्या, ‘अधिक चांगल्या’ पॉलिसीत वळवण्याचा मार्ग सुचवतील. तो स्वीकारू नये, कारण नव्या पॉलिसीत सरेंडर चार्जची मुदत पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजली जाते.