“नीट बोल!”

“मॅडम, तसं सगळं ठीक चाललंय. पण या सगळ्यात मी कुठेच नाही. नोकरी सोडून काहीतरी मनासारखं करू का?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे कधी बँकेतले असतात, कधी केळीचे बागायतदार, कधी नुकतेच निवृत्त झालेले. इथे सांगतेय ती एका शिक्षिकेची गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

ताई धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत पहिलीला शिकवतात. माहेर साक्रीकडचं, बाजरी-कापूस पिकवणारं घर. सासर शहरातलं. पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून राजीनाम्याचा मसुदा काढून माझ्यापुढे ठेवला.

मी तो लगेच वाचला नाही. आधी झोप, भूक, थकवा यांबद्दल विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर तो आयुष्याच्या हेतूचा प्रश्न मानून बसू नये. नैराश्याची तपासणी करून घ्यावी. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. ताईंचं तसं नव्हतं. झोप लागत होती, हसू येत होतं.

मग त्यांना एक वही करायला सांगितली. दिवसभरात आपला आवाज कधी आवळला जातो आणि कधी मोकळा होतो, एवढंच लिहायचं. का, ते लिहायचं नाही. कारणं शोधायला लागलो की आपण स्वतःची वकिली सुरू करतो.

दोन आठवड्यांनी वही आली. मोकळ्या आवाजाच्या नोंदी मोजक्याच होत्या, आणि जवळपास सगळ्या आईशी फोनवर बोलतानाच्या. आवळलेल्या आवाजाच्या नोंदींनी पानं भरली होती, पण एका नोंदीवर बोट ठेवून त्या थांबल्या.

पालकसभेच्या दिवशी त्यांनी एका मुलाला विचारलं होतं, “तुझी आई का नाही आली?” तो म्हणाला, “मनी माय वावरमा गयी.” कापूस वेचणीचे दिवस होते. ताईंच्या तोंडून निघून गेलं, “नीट बोल!” पोरगं खाली बसलं आणि शाळा सुटेपर्यंत बोललं नाही.

“त्या रात्री जेवण गेलं नाही मॅडम. मलाही असंच म्हणाले होते. चौथीत.” पुढचं वाक्य त्या अहिराणीत, म्हणजे खानदेशातल्या बोलीत, बोलून गेल्या आणि लगेच म्हणाल्या, “सॉरी.”

मी म्हटलं, “बोल ना ताई, मनी माय बी आशीच बोलस.”

त्या रडल्या. खूप वेळ रडल्या. मीही गप्प बसून राहिले. कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ समुपदेशकाने आतबाहेर एकच असण्याला फार महत्त्व देत. ते मी शिकताना वाचलं होतं. पण माझ्या खोलीत आलेल्या माणसाशी माझ्या आईच्या भाषेत बोलायला मला इतकी वर्षं लागली, हे मला त्या दिवशी जाणवलं.

राजीनाम्यावर पुढे आम्ही फारसं बोललो नाही. ठरलं ते एवढंच की रोज वर्गात एकदा तरी मुलाच्या बोलीत उत्तर द्यायचं आणि मग तेच प्रमाण मराठीत सांगायचं. “मले पानी जोयजे” म्हणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, मग “मला पाणी हवंय” हे वाक्य द्यायचं. पहिलं वाक्य पुसायचं नाही. मूल नवी भाषा जुन्या भाषेवर उभं राहूनच शिकतं.

एका सहकाऱ्याने हटकलं, “मुलांना मागे नेताय तुम्ही.” ताई गडबडल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलंय, हे मी त्यांना सांगितलं. त्याचा आधार त्यांना मिळाला. पण त्याहून मोठा आधार दिला तो त्या मुलाने: त्याने पावसाचं चित्र दाखवत आपणहून पाच-सहा वाक्यं सांगितली, निम्मी अहिराणी, निम्मी मराठी.

‘मनासारखं काम’ म्हणजे दुसरीकडे कुठेतरी असलेलं काम, असं आपण फार सहज धरून चालतो. माझा अनुभव मात्र असा आहे की जिथे आवाज आवळतो, तिथेच बहुतेकदा माणसाचं काही अडून राहिलेलं असतं. सगळ्यांचं तसंच असेल असं नाही. काहींनी नोकरी सोडली आणि ते योग्यच होतं. पण निदान एकदा तिथे हात लावून बघावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई लेकीला घेऊन माहेरी गेल्या, झोक्यावर बसून गाणी म्हणाल्या. लेकीने प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. सासरी परतल्यावर मात्र पुन्हा तीच जपून बोललेली भाषा. नवऱ्याशी याबद्दल अजून बोलणं झालेलं नाही. “लेक घरात अहिराणी बोलली तर त्यांना चालेल का, तेच कळत नाही,” असं त्या म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी दोघं मिळून येणार आहेत.