नळ, नोंद आणि नगरसेवक : वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहरातून महापालिकेच्या कामांबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं पाण्याची आहेत, आणि सोलापुरात त्याचं नवल नाही.

प्रश्न : आमच्याकडे चार दिवसाआड पाणी येतं. पहिली काही मिनिटं गढूळ येतं, हल्ली वासही येतो. शेजारी नळाला थेट मोटर लावतात. तक्रार केली तर माणूस येऊन बघून जातो, पुढे काही होत नाही. (शेळगी)

उजनीचं पाणी पाकणीला, टाकळीचं सोरेगावला आणि हिप्परग्याचं भवानी पेठेत शुद्ध होतं. तिथून निघताना त्यात क्लोरीन असतो. बिघडतं ते बहुधा तुमच्या गल्लीत. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो. जिथे सांधा गळका असेल तिथून आजूबाजूचं सांडपाणी आत झिरपतं आणि पुढच्या वेळी पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येतं. मोटरवाले यात भर घालतात. मोटर पाइपमधून पाणी ओढते तेव्हा आतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून घाण खेचली जाते. ती फक्त मोटरवाल्याच्या घरी जात नाही, सगळ्या गल्लीत फिरते.

आधी गढूळपणा आणि वास वेगळे करा. नुसतं लालसर, मातकट पाणी पाच-दहा मिनिटांत निवळत असेल तर तो पाइपमधला गाळ आणि गंज आहे. ते पाणी धुण्याला वापरा. गटाराचा वास येत असेल, किंवा पाणी निवळतच नसेल, तर ते पिऊ नका. मग शेजारच्या चार घरी विचारा. फक्त तुमच्याकडेच वास असेल तर दोष तुमच्या जोडणीत आहे. जुन्या वस्त्यांत घराकडे येणारा लोखंडी पाइप बऱ्याचदा गटारातूनच गेलेला असतो आणि नेमका तिथेच सडतो. मुख्य लाइनपासून घरापर्यंतचा हा तुकडा बदलण्याचा खर्च घरमालकाचा. नवा पाइप गटाराच्या वरून किंवा बाहेरून न्या, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा तेच. सगळ्या गल्लीत वास असेल तर मुख्य लाइन फुटली आहे. ते काम पालिकेचं.

तक्रार झोन कार्यालयात लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. अर्जात पाणी कोणत्या वारी, किती वाजता येतं आणि कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत वास येतो हे लिहा. तुमच्याकडे आलेला माणूस बहुधा पाणी नसताना आला असणार. त्या वेळी त्याला काय दिसणार? मोटर असते, पण ती टाकीवरची आहे असं सांगितलं जातं. म्हणून ‘पुरवठ्याच्या वेळेत तपासणी करावी, नळावर क्लोरीन तपासावा आणि पाण्याचा नमुना घ्यावा’ असं स्पष्ट मागा. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. थंड पेयाच्या बाटलीत भरून नेलेलं पाणी प्रयोगशाळा घेत नाही, आणि घेतलं तरी त्या अहवालाला अर्थ नाही.

दाबच कमी असल्यामुळे मोटर लावावी लागते असं काही जणांनी लिहिलं आहे. त्यावर उपाय म्हणजे जमिनीखाली टाकी बांधणं. पाणी आपोआप उतारानं टाकीत पडू द्या आणि मोटर टाकीवर बसवा.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत साठवलेल्या पाण्यात टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाका. प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. टाकी किती लिटरची हे माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट पाणी म्हणजे सुमारे २८०० लिटर. त्याला १४ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या मगात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. अर्ध्या तासानं पाणी वापरायला घ्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, कारण गाळात क्लोरीन वाया जातो. आणि उघड्या पुडीतली सहा महिन्यांपूर्वीची पावडर म्हणजे जवळजवळ नुसता चुना, तिचा भरवसा धरू नका. ज्या पाण्याला गटाराचा स्पष्ट वास आहे ते मात्र टीसीएल टाकूनही पिऊ नये.

प्रश्न : घरात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस दिली. पाणीच रोज येत नाही तर साठवायचं नाही का? (साखर पेठ)

साठवा, पण आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं झालं पाहिजे. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नवं पाणी आलं की जुन्या पाण्यावरच भरायचं, हा आपल्याकडचा रिवाज इथे नडतो. नुसतं ओतूनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून बॅरल आतून काथ्यानं घासून, उन्हात वाळवूनच पुन्हा भरा. झाकायला चादरी-टॉवेलांना या गावात तोटा नाही, फक्त कापड ताणून बांधा. फ्रिजच्या मागची ताटली आणि कूलरचा तळ बघायला विसरू नका. जो हौद रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य विभागाकडे मागणी करता येते. मात्र त्या हौदात टीसीएल टाकू नका, मासे मरतात. पिण्याच्या टाकीला टीसीएल, वापरायच्या हौदाला मासे, अशी वाटणी ठेवा.

प्रश्न : वडील वारून तीन वर्षं झाली. टॅक्सचं बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. आम्ही दोन भाऊ भरतो. नाव बदलणं गरजेचं आहे का? (नीलम नगर)

हो, आणि उशीरही झाला आहे. मालक वारल्यावर वारसांनी एका वर्षाच्या आत पालिकेला लेखी कळवायचं असतं. खरेदीखत झालं असेल तर तीन महिन्यांत. मुदत गेली तरी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, मालकीचा कागद आणि थकबाकी नसल्याची पावती लागते. एकाच नावावर बिल हवं असेल तर बाकीच्या वारसांची संमतीही लागते.

तुमच्या पत्रात ‘आम्ही दोन भाऊ’ एवढंच आहे. बहीण असेल तर तीही वारस आहे, लग्न झालेलं असलं तरी. असे अर्ज सर्वात जास्त अडतात ते इथेच. दुसरी अडचण आडनावाची. पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांत बिलावर एक आडनाव, आधारवर दुसरं आणि दाखल्यावर तिसरंच लिहिलेलं असतं. ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा.

हे झालं म्हणजे घर नावावर झालं असं समजू नका. टॅक्सची नोंद कर कोण भरणार हे ठरवते, मालकी नाही. मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर वारस नोंद वेगळी करावी लागते. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात सातबारा असेल तर तलाठ्याकडे. गुंठेवारीत जागा घेतलेल्यांनी हे जरा जास्तच लक्षात ठेवावं. टॅक्स नंबर पडला म्हणजे बांधकाम नियमित झालं, हा समज चुकीचा आहे.

नाव बदलेपर्यंत वडिलांच्या नावानंच भरत राहा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. शास्ती माफीची योजना येईल म्हणून थांबणारे बरेच असतात. आमच्या मते तो जुगार आहे.

प्रश्न : ड्रेनेज तुंबलं की पालिका म्हणते लाइन तुमची, प्लंबर म्हणतो पालिकेची. (मजरेवाडी)

रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून घ्या. ते काठोकाठ भरलं असेल तर मुख्य लाइन तुंबली आहे, झोनकडे जेटिंग गाडी (जोराच्या पाण्यानं लाइन मोकळी करणारी) मागा. ते कोरडं आणि तुमच्या अंगणातलं चेंबर भरलेलं असेल तर मधला तुकडा तुमचा. काहीही असो, चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस मिनिटांत जातो.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक. आमची गल्ली नेमकी कोणाची? (जुळे सोलापूर)

चौघांचीही. अ, ब, क, ड ही आरक्षण आणि निवडणुकीसाठी दिलेली जागांची नावं आहेत, भागांची वाटणी नव्हे. सोलापुरात २६ प्रभागांतून १०२ सदस्य निवडले जातात आणि प्रत्येक जण पूर्ण प्रभागाचा असतो. ‘तो भाग माझ्याकडे नाही’ हे उत्तर त्यांच्या आपसातल्या सोयीचं, तुम्ही ते मान्य करायची गरज नाही.

मात्र बंद दिवा, फुटलेली लाइन, न आलेली घंटागाडी यासाठी नगरसेवकाकडे जाऊन वेळ घालवू नका, ते झोनचं काम आहे. दिव्याच्या तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहा. नवा रस्ता, नवी ड्रेनेज लाइन अशी निधी लागणारी कामं मात्र नगरसेवकाकडे न्या, आणि अंदाजपत्रक तयार होण्याआधी न्या. मार्चनंतर नेलं तर वर्ष गेलं.

झोननं दाद दिली नाही तर दोन वाटा आहेत. दाखला किंवा नाव नोंदीसारखी सेवा अडली असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. प्रत्येक सेवेची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं, पहिल्या अपिलाला ३० दिवस मिळतात. अर्जाची पोच नसेल तर अपील टिकत नाही. तक्रारीचं काय झालं हे हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘काम का केलं नाही?’ असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात’ एवढंच लिहा.