कॉलेजचा आयटी प्रमुख: पद मिळालं, पण ऐकणार कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनुदानित कॉलेजात आठ वर्षं सिस्टम अ‍ॅडमिन, आता प्राचार्यांनी आयटी प्रमुख केलंय, हाताखाली दोन मुलं, नेतृत्वगुणांसाठी एमबीए करावं का?

एमबीएचं नंतर पाहू. कॉलेजातली खरी अडचण वेगळी आहे. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचंय त्यातलं जवळपास कुणीच तुमच्या हाताखाली नसतं. विभागप्रमुख, परीक्षा विभाग, ग्रंथालय, लेखा विभाग यांना तुम्ही आदेश देऊ शकत नाही. कंपनीतला मॅनेजर ‘करा’ म्हणतो. इथे टिपणी, म्हणजे मंजुरीसाठीचा लेखी प्रस्ताव, लिहावी लागते. म्हणून पहिलं कौशल्य टिपणी लिहिण्याचं. हसू नका, बहुतेक आयटीवाले नेमके इथेच आपटतात.

समजा कॉलेजच्या नेटवर्कचा मुख्य स्विच बदलायचाय. ‘स्विच जुना झाला आहे, नवीन मिळावा’ एवढंच लिहिलंत तर फाईल लेखा विभागात पडून राहणार. एका पानात पाच गोष्टी हव्यात: आज काय बिघडलंय, तो बंद पडला तर कोणाचं काय अडेल (प्रवेश, परीक्षा, पगारबिलं), पर्याय कोणते, पाच वर्षांचा एकूण खर्च किती, आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा. उदाहरणार्थ, दुरुस्ती 60 हजार अधिक एएमसी (वार्षिक देखभाल करार) वर्षाला 40 हजार, म्हणजे पाच वर्षांत 2 लाख 60 हजार. नवा, पाच वर्षांच्या वॉरंटीसह, 3 लाख 40 हजार. फरक वर्षाला 16 हजारांचा. प्राचार्यांना समितीपुढे हा शेवटचा आकडाच बोलायचा असतो. तो त्यांना काढायला लावू नका. ‘काहीच न करणे’ हाही एक पर्याय म्हणून लिहा आणि त्याची जोखीमही लिहा, म्हणजे नकार दिला तर तो इतिवृत्तात नोंदला जातो. पोर्ट, थ्रूपुट वगैरे तांत्रिक तपशील सगळा मागच्या जोडपत्रात.

वेळही महत्त्वाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे कॉलेजचं अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीत तयार होतं. तुमची मागणी त्याआधी पोचली नाही तर पुढलं वर्ष. यूपीएसच्या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत जातात. त्या बसवल्याची तारीख डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत असतेच, तरी मागणी मात्र त्या बंद पडल्यावर जाते. पुढच्या तीन वर्षांत काय कधी बदलायचं याचा एक तक्ता करून ठेवा. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी आयक्यूएसीवालेही (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) तोच मागायला येतील.

दुसरं, परीक्षेची सकाळ. ऑनलाइन येणारी प्रश्नपत्रिका डाउनलोड करून छापायला थोडाच वेळ मिळतो. सर्व्हर त्या वेळी सहसा पडत नाही. पडतात बारीक गोष्टी. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो माणूस रजेवर, टोनर संपलेला, दुसऱ्या इंटरनेट लाईनचं बिल थकलेलं. म्हणून दोन दिवस आधी परीक्षा विभागाला सोबत घेऊन त्याच खोलीत, त्याच प्रिंटरवर, मुख्य लाईनची केबल काढून रंगीत तालीम करा. परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून फायरवॉल, वायफाय, ईआरपी (फी, हजेरी वगैरेचं कॉलेजचं सॉफ्टवेअर) यांत कुठलाही बदल नाही, हा नियम प्राचार्यांच्या सहीने काढा. तुमच्या सहीने काढलात तर पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘एवढंच जरा करून द्या’ म्हणत येईल.

बिघाड झाला की ‘लवकरच सुरू होईल’ हा मेसेज टाकू नका, त्यानंतर फोन दुप्पट वाढतात. असं लिहा: ‘ईआरपी 10:20 पासून बंद. फक्त फी भरणा अडलाय, हजेरी चालू आहे. फी रोखपाल खिडकीवर स्वीकारली जाईल. पुढची माहिती 11:00 वाजता.’ आणि 11:00 ला मेसेज टाकाच, दुरुस्ती झाली नसली तरी.

सायबर हल्ल्याच्या बाबतीत आधीच कामं वाटून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि लॉग (यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपायचे असतात. शनिवारी संध्याकाळी रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) निघालं तर मेल कोण पाठवणार, प्राचार्य कोणाचा फोन उचलतील, हे कागदावर नसेल तर सहा तास ‘कळवायचं की नाही’ यातच जातात.

आता हाताखालच्या दोघांबद्दल. सगळे पासवर्ड तुमच्या डोक्यात असतील तर तुम्ही प्रमुख नाही, अडसर आहात (कटू आहे, पण आहे). पासवर्ड मॅनेजर वापरा, आणीबाणीचा संच सीलबंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवा. एकाला नेटवर्क, दुसऱ्याला ईआरपी आणि मूडल (ऑनलाइन अभ्यासाचं सॉफ्टवेअर) असं पूर्ण सोपवा. दर सहा महिन्यांनी अदलाबदल. व्हेंडरच्या बैठकीत त्यांनाच बोलू द्या, तुम्ही टिपणं घ्या. मग पाच दिवस रजा टाका आणि फोन बंद ठेवा. परत आल्यावर जे जे अडलं त्याची यादी करा. पुढच्या तीन महिन्यांचं प्रशिक्षण तेच.

प्राध्यापकांशी जमवायला एकच उपाय चालतो: महिन्यातून एकदा एकेका विभागात अर्धा तास जाऊन बसा, लॅपटॉप न उघडता. प्रोजेक्टरच्या केबलची तक्रार ऐकाल. ती त्याच आठवड्यात सोडवा. टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) सक्तीचं करायला पुढच्या महिन्यात जाल तेव्हा दार उघडं मिळेल.

एमबीएचं म्हणाल तर विद्यापीठातल्या वरच्या पदांच्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचा. तिथे मागितलं असेल तर दूरशिक्षणातून करा, नाहीतर तो पैसा आणि वेळ खरेदीचे नियम आणि लेखापरीक्षण समजून घेण्यात घाला. सुरुवात म्हणून लेखा विभागातून मागच्या लेखापरीक्षणातले आयटी खरेदीवरचे आक्षेप मागून घ्या.