बगॅसच्या राखेचे क्यूब आणि न जुळणारे आकडे

प्रश्न : आम्ही तिघे स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. साखर कारखान्यातून बगॅसची (उसाच्या चिपाडाची) बॉयलरमधली राख आणून एम २० काँक्रीटमध्ये (२८ दिवसांना २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या) सिमेंटच्या जागी १०, २० आणि ३० टक्के वापरली. २० टक्क्यांच्या तीन क्यूबची (चाचणीच्या घनाकृती ठोकळ्यांची) २८ दिवसांची ताकद २१.४, २६.० आणि ३१.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली. सरासरी २६.२ लिहून पुढे जावं का?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचं भारतीय मानक (आयएस) ५१६ प्रमाणे तीन क्यूबपैकी एकही सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हलला, तर ती सरासरी धरायची नाही. २६.२ साठी ही हद्द साधारण २२.३ ते ३०.१ आहे. तुमचे दोन क्यूब तिच्या बाहेर आहेत. चाचणी पुन्हा करावीच लागेल, पण आधी कारण शोधा, नाहीतर नवे क्यूबही असेच फुटतील.

पहिला संशय राखेवर घ्या. कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुतात, तिथली राख ओली येते. ती तशीच तोलली की पाणीही राख म्हणून मोजलं जातं आणि मिश्रणात जादा जातं. शिवाय तिच्यात न जळलेल्या चिपाडाचे काळे तंतू असतात. ते पाणी शोषतात आणि क्यूबमध्ये कमकुवत जागा तयार करतात. एका घमेल्यात तंतू जास्त, दुसऱ्यात कमी, म्हणून एकाच मिश्रणाचे तीन आकडे तीन दिशांना जातात.

राख अशी तयार करा. गाळप हंगाम चालू असतानाच एकाच दिवशी, एकाच जागेवरून एक पोतं भरून घ्या. तारीख आणि जागा पोत्यावर लिहा. सगळी राख ताडपत्रीवर ओतून ढीग करा, ढीग चपटा करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला करा. हवी तेवढी राख उरेपर्यंत हेच करत राहा. मग ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर २४ तास वाळवा आणि ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून तंतू काढून टाका. चाळलेली राख बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात) दळा. बॉल मिल नसेल तर हायवे लॅबमधलं लॉस एंजेलिस यंत्र (खडीची झीज तपासायचं पोलादी गोळ्यांचं पिंप) चालतं. ९० मायक्रॉनच्या चाळणीवर जवळजवळ काही उरेनासं होईपर्यंत दळायचं. दळताना आणि चाळताना एन-९५ मास्क हवाच. ही धूळ सिलिकाची आहे, फुप्फुसात गेली की निघत नाही.

आता १ ग्रॅम राख क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) घेऊन मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) ९०० अंशांच्या पुढे, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घटलेलं वजन म्हणजे मुख्यतः न जळलेला कार्बन. आयएस ३८१२ मध्ये औष्णिक वीज केंद्राच्या राखेसाठी ही घट ५ टक्क्यांपर्यंत चालते. तुमची राख वेगळी असली तरी तुलनेला हाच आकडा धरा. घट जास्त आली तर क्यूबसाठीची राख ६०० ते ७०० अंशांवर दोन-तीन तास पुन्हा जाळा. ८०० च्या वर नेऊ नका. तिथे सिलिका स्फटिकरूप होऊ लागते आणि सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची अभिक्रिया मंदावते. राख दिसायला पांढरी आणि छान होते, कामाची राहत नाही.

दुसरा संशय पाण्यावर. राख हलकी आहे, वजनाने बदलली की तिचं आकारमान सिमेंटपेक्षा बरंच जास्त भरतं. पाणी तेवढंच ठेवलं तर मिश्रण कोरडं होतं, साच्यात नीट दबत नाही, पोकळ्या राहतात. म्हणून कुणी अंदाजाने पाणी वाढवतं आणि मग ताकद राखेमुळे घटली की पाण्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. पाणी कायम ठेवायचं की प्रवाहीपणा, हे आधी ठरवा आणि वहीत लिहा. पाणी कायम ठेवलंत तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही करणारं रसायन) वापरा आणि त्याचंही वजन नोंदवा.

आमचं मत असं की काँक्रीट सध्या बाजूला ठेवा आणि ७०.६ मिलिमीटरच्या मॉर्टर (खडीशिवाय, फक्त सिमेंट-वाळूच्या) क्यूबवर या. आयएस ४०३१ भाग ६ प्रमाणे एका क्यूबला २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम प्रमाणित वाळू (कमी-जास्त जाडीच्या तीन प्रकारांची प्रत्येकी २०० ग्रॅम) लागते. २० टक्क्यांसाठी १६० ग्रॅम सिमेंट, ४० ग्रॅम राख. ७, २८ आणि ९० दिवसांसाठी प्रत्येकी तीन, म्हणजे एका मिश्रणाचे नऊ क्यूब. ९० दिवस सोडू नका, कारण राखेचं काम उशिरा सुरू होतं.

त्यात एक मिश्रण आणखी घाला : २० टक्के राखेऐवजी तितकीच बारीक दळलेली क्वार्ट्झ वाळू. ती काहीच अभिक्रिया करत नाही, फक्त फटी भरते. राखेचा क्यूब या क्यूबपेक्षा सरस ठरला, तरच राखेची अभिक्रिया झाली असं म्हणता येईल. विद्यार्थ्यांच्या बहुतेक अहवालांत हाच क्यूब नसतो आणि बारीकपणाचं श्रेय राखेच्या अभिक्रियेला जातं.

साचे २४ तासांनी सोडा, क्यूब २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा. एप्रिलमध्ये सांगलीत उघड्यावरच्या टाकीचं पाणी याच्या बरंच वर जातं. टाकी सावलीत घ्या, थर्मामीटर टाकून ठेवा. क्यूब पाण्यातून काढून ओलाच, बाजूच्या गुळगुळीत पृष्ठांवर यंत्रात दाबा. भार मिनिटाला ३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे या क्यूबला सेकंदाला सुमारे २.९ किलोन्यूटन. हाताने व्हॉल्व्ह फिरवताना घाई झाली की ताकद खोटी जास्त दिसते. हा क्यूब २०० किलोन्यूटनच्या आसपास फुटेल. २००० किलोन्यूटनच्या यंत्राचं हे खालचं टोक आहे, तेव्हा कॅलिब्रेशनचा (यंत्राचे आकडे बरोबर असल्याच्या तपासणीचा) दाखला त्या पट्ट्यासाठी आहे का, ते लॅब असिस्टंटना विचारा.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन शेवटच्या वर्षीच करतात असं कॉलेजात सांगतात. आधी संधी मिळेल का?
– कराड, जि. सातारा

उत्तर : मिळेल. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथे अर्ज करू शकतात, साधारण दोन महिने एखाद्या संस्थेत काम करायला मिळतं. अर्ज आधीच्या हिवाळ्याच्या सुमारास निघतात, शिक्षकांची शिफारस लागते. पण शिफारस लिहायला सरांनी तुमचं काम पाहिलेलं हवं, म्हणून सुरुवात आपल्याच विभागात करा. ‘संशोधन करायचंय’ एवढंच सांगू नका. ‘सर, वरच्या वर्गाच्या चाचण्यांत शनिवारी वजनं आणि नोंदी घेऊ का?’ असं विचारा. एका सत्रात चाळणी, ओव्हन आणि तराजू हाताखाली येतात. नोंदी शिवलेल्या वहीत पेनाने घ्या. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहा, खोडरबर नको.

प्रश्न : आमच्या क्यूब चाचण्यांवरचा पेपर (शोधनिबंध) पैसे भरले की पंधरा दिवसांत छापून देतो, असा मेल आला आहे. भरावे का?
– मिरज

उत्तर : भरू नका. एवढ्या वेळात जाणकाराकडून कसून तपासणी होत नाही, आणि तपासणी न झालेला पेपर पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो. त्याऐवजी चार पानी अहवाल लिहा. त्यात प्रत्येक क्यूबचा सुटा आकडा द्या, फक्त सरासरी नको. याच कामावर ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर मांडता येतं. पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट तिथे वेगळा असतो.