स्वतः बसवलेल्या सोलरला नेट मीटर मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरला घराच्या स्लॅबवर तुम्ही आणि तुमच्या भावाने मिळून 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, पॅनल-इन्व्हर्टर स्वतःच आणलं, आणि आता कुठलाच वेंडर फाईल करायला तयार नाही. महावितरणची नेट मीटरला, म्हणजे आलेली आणि लाईनला दिलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरला, मंजुरी मिळेल का, आणि मिळेपर्यंत सिस्टीम चालू ठेवली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे रोज पैसे जाताहेत. चालू ठेवू नका. आधी एसीचा ब्रेकर पाडा, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच. उलटं करू नका. सहा पॅनल सिरीजमध्ये असले तर तुमच्या त्या पातळ काळ्या वायरीत तीनशेच्या आसपास व्होल्ट डीसी आहे, आणि लोडवर डीसी तोडली की आर्क, म्हणजे जळत राहणारी ठिणगी, ओढला जातो. एसीसारखा तो आपणहून विझत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फटका खाऊन सांगतोय. माझं पारोळ्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं स्टार्टर आणि पॅनेल बोर्ड उघडतोय, त्यामुळे सोलर म्हणजे काय मोठं, असा माज होता. 540 वॅटचे सहा पॅनल सुरतहून टेम्पोत आणले, स्ट्रक्चर गावातल्याच वेल्डरकडून करून घेतलं आणि एका रविवारी दुपारी इन्व्हर्टर चालू केला. स्क्रीनवर 2.6 किलोवॅटचा आकडा बघून सगळ्या गल्लीला चहा पाजला. अर्ज नंतर करू म्हटलं, मीटर काय, बदलून देतील.

अठरा दिवसांनी बायको म्हणाली, घरात काहीच चालू नाही तरी मीटरचा लाल दिवा एवढा का लुकलुकतोय? जाऊन बघितलं. फ्रीजचं बटण बंद, पंखे बंद, भर दुपारचा एक वाजलेला, आणि मीटरवरचा तो दिवा दळणाच्या गिरणीसारखा पळतोय. तेव्हा डोक्यात उजेड पडला. घरांना लावलेली बरीचशी साधी इलेक्ट्रॉनिक मीटरं वीज कोणत्या दिशेने जाते ते बघत नाहीत. आत आली तरी मोजतात, बाहेर गेली तरी मोजतात, आणि दोन्ही आपल्याच नावावर मांडतात. जुन्या चकतीच्या मीटरसारखं उलटं फिरणं विसरा. दिवसाला आठ-नऊ युनिट मी लाईनला फुकट दिली आणि वर त्यांचं बिलही भरलं. एरवी दोनशे-सव्वादोनशे युनिटचं बिल त्या महिन्यात सव्वातीनशेच्या वर गेलं. तक्रार कोणाकडे करणार? चूक माझीच, आणि परवानगीशिवाय लाईनला जोडलं हे वर कबूल करावं लागलं असतं.

आता मुख्य प्रश्न. मंजुरी मिळते. मला मिळाली. पण वेंडर नाही म्हणतात ते उगाच नाही, हे आधी समजून घ्या. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सबसिडी योजनेत ज्याने सिस्टीम बसवली त्याच्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. दुसऱ्याने आवळलेल्या नटबोल्टावर तो स्वतःचं नाव कशाला घालेल? तुम्ही-मी सुद्धा दुसऱ्याने भरलेल्या मोटारीची गॅरंटी देत नाही.

म्हणून पहिलं म्हणजे सबसिडी डोक्यातून काढून टाका. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात. पण त्यासाठी पोर्टलवर आधी अर्ज, नोंदणी झालेल्या वेंडरकडून काम आणि भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनल हवेत. बसवून झाल्यावर या दारातून आत जाता येत नाही. मी मजुरीचे वीस-पंचवीस हजार वाचवायला गेलो आणि 78 हजारांवर पाणी सोडलं. हे वाचणाऱ्या कोणी अजून पॅनल घेतले नसतील तर त्यांनी माझ्यासारखा हिशेब करू नये.

उरतो तो विनासबसिडी नेट मीटरिंगचा रस्ता. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये 2024 साली जी दुरुस्ती झाली तिच्यात 10 किलोवॅटपर्यंतच्या रूफटॉप अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मान्य झाला असंच धरतात. डीपीवर जागा नाही, लोड बसत नाही, हे कारण 3 किलोवॅटला पुढे करता येत नाही. 5 किलोवॅटपर्यंत लाईन मजबूत करायची गरज पडली तर तो खर्चही वीज कंपनीचा. मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो. तुमच्या बिलावर बघा, जुन्या घरगुती कनेक्शनवर बऱ्याचदा 1 किलोवॅटच असतो. सोलरच्या अर्जाबरोबरच ते काम होतं, त्यासाठी वेगळे खेटे घालू नका.

मग अडतं कुठे? सहीवर. तुम्ही बसवलं ते चांगलं असेलही, पण ते चांगलं आहे असं लिहून देणारा माणूस कागदावर लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देणारी एजन्सी लागते. मी पाच जणांकडे गेलो. चौघांनी चहा पाजून वाटेला लावलं. पाचवा म्हणाला, "आबा, मी येतो, बघतो, जे खोलायला सांगेन ते खोलायचं. कबूल असेल तर बोला." त्याची फी दिली आणि त्याने सांगितलेलं सगळं पुन्हा केलं. तुम्हीही हेच करा. सही विकत मागू नका, तपासणी मागा. फरक समोरच्याला लगेच कळतो.

त्याने माझ्या काय चुका काढल्या ते सांगतो, कारण शंभरातल्या नव्वद घरी त्याच निघतील.

सगळ्यात मोठी अर्थिंगची. मी एकच खड्डा खणून पॅनलचं स्ट्रक्चर, इन्व्हर्टर आणि वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) तिन्ही त्याला जोडलं होतं. त्याने डोक्याला हात लावला. वीज पडली तर ती त्याच तारेने इन्व्हर्टरच्या पोटात शिरणार. डीसी बाजू आणि स्ट्रक्चरचं वेगळं, एसीचं वेगळं, वीजरोधकाचं वेगळं, असे तीन खड्डे हवेत. त्यात आपली खानदेशची काळी माती. पावसाळ्यात लोण्यासारखी, आणि एप्रिल-मे आला की मनगट जाईल एवढ्या भेगा. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उन्हाळ्यात तसंच राहत नाही, रॉडभोवतीची माती सुटते. माझ्याकडे मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, होता, पण मेगर म्हणजे अर्थ टेस्टर नव्हे. दुकानात हा फरक गिऱ्हाइकांना मीच सांगतो! अर्थ टेस्टर मागून आणला तर 11 ओहम दाखवले. लांब कॉपर कोटेड रॉड घातले, भोवती बेंटोनाइट माती भरली, तेव्हा 4 च्या आत आलं. 5 च्या आत ठेवा. आणि खड्डे बुजवण्यापूर्वी फोटो काढून ठेवा, रॉड आणि शेजारी टेप दिसेल असे. नंतर कोणी विचारलं तर परत खणत बसावं लागत नाही.

दुसरी चूक, इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर. भुसावळ-जळगावकडे 45 अंश म्हणजे बातमीसुद्धा होत नाही, आणि त्या भिंतीवर दुपारी चारला हात टेकवत नाही. तापला की इन्व्हर्टर स्वतःच पॉवर कमी करतो. पॅनलचंही तसंच आहे. उन्हाळा कडक म्हणून वीज जास्त, हा आपल्याकडचा गोड गैरसमज. सेलचं तापमान 70 अंशांवर गेलं तर 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्का घट, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर गेलेच. माझे सगळ्यात चांगले आकडे फेब्रुवारीत आले, मे महिन्यात नाही. पॅनलखाली वारा खेळायला जागा सोडा, इन्व्हर्टर जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीवर घ्या.

तिसरं, स्ट्रक्चर. यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांना विचारा जूनच्या तोंडावरचं वादळ काय असतं ते. उभ्या बागा आडव्या होतात. वारा पॅनलला नुसता दाबत नाही, उचलतो. नुसत्या विटांवर ठेवलेलं किंवा स्लॅबला दोन खिळे मारलेलं चालणार नाही. आणि धाब्याच्या घरावर कोणी बसवणार असेल तर मातीच्या धाब्यावर ते वजन टाकूच नका, शेजारी लोखंडी खांब रोवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टर बीआयएस प्रमाणित हवा. पॅनल सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतल्या मॉडेलचे हवेत, ज्याला सगळे एएलएमएम म्हणतात, आणि प्रत्येक पॅनलचा सिरीयल नंबर फाईलमध्ये जातो. इथेच स्वस्तात आणलेला माल अडकतो. पक्कं जीएसटी बिल नसेल तर दुकानदाराकडून आत्ताच मागा. थकबाकी शून्य करा. बिल आजोबांच्या नावावर आणि घर वडिलांच्या, ही आपल्याकडची घरोघरची गोष्ट, तर नाव बदलायचं काम पहिलं हातात घ्या. माझं सगळ्यात जास्त रखडलं ते यातच. सोलरशी त्याचा काही संबंध नाही, पण फाईल तिथेच बसून राहते.

तपासणीला एक साहेब आणि आमच्या भागाचा वायरमन आला. साहेबांनी कागद बघितले, मीटरजवळचा आयसोलेटर कुलूप लावता येण्यासारखा आहे का ते बघितलं, धोक्याची पाटी बघितली. वायरमन मात्र थेट इन्व्हर्टरसमोर जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, "भो, मेन पाड." मी पाडला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा क्षणात लाल झाला. त्याने इन्व्हर्टरकडून येणाऱ्या वायरीला टेस्टर लावला, एकदा, मग परत एकदा. "पोलवर आम्ही चढतो ना, म्हणून," एवढंच बोलला. लाईन बंद असताना सोलरने मागून करंट दिला तर वर चढलेला माणूस जातो. लाईट गेली की सोलरही बंद पडतं याची सगळे तक्रार करतात, ते बंद पडणं याच्यासाठी आहे. म्हणून बाजारात कोणी लाईट गेल्यावरही चालणारी जुगाडाची सेटिंग करून देत असेल तर त्याला उभंही करू नका. बॅकअप हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, जो लाईनपासून आधी तुटतो आणि मग घर चालवतो.

मेन परत वर केल्यावर इन्व्हर्टर लगेच चालू झाला नाही, काही वेळ लाईन न्याहाळत बसला. वायरमन तेवढा वेळ थांबला, आणि चालू झाल्यावरच सही झाली. त्यानंतर करार, मीटरचं टेस्टिंग, आणि दोन मीटर लागले. एक सोलरने किती वीज बनवली ते मोजणारं आणि दुसरं येणं-जाणं वेगवेगळं मोजणारं.

कोणी तुम्हाला झिरो एक्सपोर्टचा सल्ला देईल, की वीज बाहेर जाऊच द्यायची नाही, म्हणजे परवानगीच नको. अर्धवट सल्ला आहे. नेट मीटर नको असलं तरी लाईनला समांतर चालणाऱ्या सिस्टीमची माहिती वीज कंपनीला द्यावी लागते, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांतच आहे. वायरमनला काय, तुम्ही युनिट विकता की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. घर गावात आहे ना? मळ्यात असेल आणि लाईन शेतीच्या फीडरवरची असेल तर सगळं गणित बदलतं. तिथे वीज ठरावीक तासच असते, आणि लाईन नसेल तेव्हा तुमचा इन्व्हर्टर भर उन्हात गप्प बसणार. शिवाय अशा लाईनवर व्होल्टेजचा भरवसा नसतो. 230 च्या ऐंशी टक्क्यांखाली किंवा 110 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 184 च्या खाली किंवा 253 च्या वर गेलं की इन्व्हर्टर लाईनपासून सुटतो. अर्ज करण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ मीटरजवळ व्होल्टेज मोजून वहीत लिहा. दुपारी 250 च्या वर दिसत असेल तर अर्जाबरोबर तेही लिहून द्या.

मंजूर भार, इन्व्हर्टरचं मॉडेल आणि पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर इथे लिहा, म्हणजे कुठे अडेल ते आधीच सांगता येईल. ग्राहक क्रमांक मात्र इथे टाकू नका.