केवणीचा सोप दुसऱ्या दिवशी ढिला पडला : गाठ नाही, ओली साल

केवणीच्या (मुरुडशेंगेच्या) सालीने खोपीचे वासे बांधले, संध्याकाळी ताठ होते, दुसऱ्या दुपारी आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) हातभर खाली आलं, असं तुम्ही लिहिलंय. गाठ बदलून बघू नका, गाठीचा दोष नाही. सोप, म्हणजे आतली चिवट साल, झाडावरून काढला आणि तसाच हिरवा वापरला, इथे घोळ झाला. याच चुकीने माझंही एक आढं खाली बसलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

ओली साल वाळताना लांबीला फारशी आटत नाही, रुंदीला आणि जाडीला आटते. म्हणजे वेढा तेवढाच राहतो, पण पट्टी बारीक होऊन वेढ्यांमध्ये फट पडते. वासेही ओले असतील तर तेही आटतात आणि ढिलाई दुप्पट.

उपाय म्हणजे सोप आधी पूर्ण वाळवायचा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सरळ फांद्या घ्या, वरची खरबरीत साल खरवडा, आतला सोप दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्यांत सोला. चिरताना पट्टी एका अंगाला निमुळती व्हायला लागली की जाड बाजू जास्त वाकवून ओढा, चीर परत मधे येते. मग सावलीत तीन-चार दिवस, कुरकुरीत होईपर्यंत. बांधायच्या आधी पाव ते अर्धा तास भिजवायचा, निथळून ओल्या फडक्यात ठेवायचा. रात्रभर पाण्यात ठेवलात तर फुगतो आणि पुन्हा तोच तमाशा. बोटाला गुंडाळून साधी गाठ मारून बघा. तडकला तर अजून भिजवा, तरीही तडकला तर चुलीत.

मनगटाएवढ्या दोन वाशांच्या फुलीला साधारण अडीच मीटर लागतो. चार वेढे, मग दोन्ही वाशांच्या मधून तीन आवळफेरे. खरी पकड या आवळफेऱ्यांची, आणि लोक नेमके तेच एकावर उरकतात. एवढी लांब पट्टी मिळत नाही. संपायच्या वीतभर आधी नवी पट्टी आत घालून दोन्हींना एकत्र पीळ द्या, जोडाला गाठ नको. वासे ओले असतील तर दोन दिवसांनी वेढ्याखाली बांबूची पाचर ठोका, सोडून पुन्हा बांधत बसू नका.

जमिनीला टेकणाऱ्या सांध्यावर सोप वापरूच नये, वाळवी खाते. घायपाताचा वाख (पानातला धागा) मजबूत, पण पान ठेचताना रस अंगाला लागला तर खाज सुटते, लांब बाह्या घाला.

आणि साल काढायची ती स्वतःच्या नाहीतर विचारून घेतलेल्या बांधावरून. राखीव जंगलात परवानगी लागते. ती कुठे मागायची हे एका कार्यालयात चार टेबलं फिरूनही कोणी नीट सांगितलं नाही, तो विषय वेगळा. झाडाभोवती गोल साल सोलू नका, वरचा भाग वाळतो. केवणीच्या फांद्या बुंध्याजवळून तोडल्या तर पुन्हा फुटतात.

हे सगळं छपराच्या वजनापुरतं. झोपाळा किंवा माणूस टांगायला सोप वापरणार असाल तर माझा सल्ला नाही, दोर विकत आणा.